सोळावं बटण

चिप काही केल्या दाद देत नव्हती. हात जवळ नेला की हिरवा दिवा लागायचा, हात काढला की विझायचा. मुलीला संध्याकाळची गाडी गाठायची होती, आणि जेवणाचं टेबल अजून तारांनी भरलेलं होतं.

समोर पलंगावर बाबा छताकडे बघत पडले होते. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची वाचा गेली होती. उशाशी मुलीनं बनवलेली बोलकी पेटी होती. बटण दाबलं की पेटीच बोलायची : पाणी, औषध, दुखतंय, पंखा. अशी आठ बटणं. सुरुवातीला त्यांनी ती दाबली, मग पेटीला हात लावणंच सोडलं. घसा कोरडा पडला तरी तसेच पडून राहायचे. मुलीला ते बघवत नव्हतं.

"नुसते मागायचे शब्द दिलेस त्यांना," आई म्हणाली होती. "या माणसानं जन्मात कुणाकडे काही मागितलंय का?"

म्हणून ही चिप. पेटीतल्या बोर्डाच्या बटणं जोडायच्या सगळ्या पिना पहिल्या आठ बटणांतच संपल्या होत्या. ही चिप दोन तारांवरून आणखी सोळा पिना देणार होती. नवी वाक्यं आईनं ठरवली आणि बाबांसारखा घोगरा आवाज काढून रेकॉर्डही तिनंच केली. 'मीठ कमी आहे.' 'बातम्या लाव.' 'सगळे मूर्ख आहेत.' सोळावं वाक्य ऐकून मुलीनं कपाळावर हात मारला होता.

"आई, हे कशाला?"

"असू दे गं. संसारभर ऐकलंय."

आई आता पलंग आणि टेबल यांच्यामध्ये येरझारा घालत होती. "झालं का? डबा भरू? गाडी चुकेल हं तुझी."

मुलीनं चिडून बोर्ड उलटा केला आणि जीभ चावली. बोर्डानं चिपला ज्या पत्त्यावर हाक मारायची तो पत्ता ठरवणारे तीन पाय तिनं कशालाच न जोडता मोकळे सोडले होते. ऑफिसात याच चुकीसाठी ती नवख्यांना फाडून खायची. मोकळे पाय नुसता हात जवळ आला तरी डळमळतात, आणि पत्ताच पक्का नाही म्हटल्यावर चिप कधी हाकेला ओ देणार, कधी नाही. तिनं तिन्ही पाय ग्राउंडच्या तारेला जोडले. हात काढला. दिवा तसाच राहिला.

पेटी बाबांच्या डाव्या हाताखाली ठेवली. बाबा ढिम्म.

"दाबा ना," आई म्हणाली. "हे मिठाचं, हे बातम्यांचं. तिची गाडी आहे हो, एकदा तरी दाखवा तिला. उशी सरकलीय का? थांबा, नीट करते. चष्मा देऊ? दाबा ना..."

बाबांचं बोट हळूहळू सरकलं. मिठावरून पुढे गेलं, बातम्यांवरून पुढे गेलं आणि अगदी शेवटच्या बटणावर टेकलं.

"जरा गप्प बस की गं!" पेटी आईच्याच घोगऱ्या आवाजात खेकसली.

आईचा हात उशीवरच थबकला. बाबा आता छताकडे नाही, तिच्याकडे बघत होते. ती पलंगाच्या कडेला बसली. बराच वेळ खरोखरच काही बोलली नाही. मग डोळे पुसून मुलीकडे वळली आणि हळूच म्हणाली,

"नीघ तू आता. ओरडले माझ्यावर."