अजून एक वर्ष

"आईची आठवण येत नाही का गं तुला?" सफरचंद सोलता सोलता म्योंगबाईंनी विचारलं.

आठवड्यातली ही तिसरी वेळ. पुलानेनं वहीतून मान वर केली नाही. "येते की. पण फोन असतो रोज."

"फोन म्हणजे माणूस नव्हे." बाईंनी एक फोड तिच्यापुढे सरकवली. "फेब्रुवारीत करार संपतोय. जायचं मनात असेल तर आत्ताच सांग. माझा विचार करू नकोस."

माझा विचार करू नकोस असं जो म्हणतो, त्याचाच विचार माणसाला जास्त करावा लागतो. पुलानेनं फोड तोंडात टाकली आणि वही तपासत राहिली.

दक्षिण कोरियातल्या येंगजू गावी, बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर बाईंची इंग्रजीची शिकवणी होती. सहा वर्षांपूर्वी पुलाने दक्षिण आफ्रिकेतून इथं शिकवायला आली तेव्हा साठ मुलं होती. आता अकरा. गावात पाळणेच हलेनात, त्याला बाई तरी काय करणार? खालच्या दारावर 'परदेशी शिक्षिका' अशी पाटी आणि त्यावर पुलानेचा हसरा फोटो. ती गेली की ही अकराही जाणार, हे उघड होतं. बाई त्रेसष्ट वर्षांच्या. नवरा पूर्वीच वारलेला, मूलबाळ नाही. सकाळी सर्वांत आधी येऊन त्या फरशी पुसत आणि मुलं येईपर्यंत खिडकीशी बसून राहत.

आणि इकडे पुलानेच्या मोबाइलमध्ये तिच्या गावच्या शाळेचं पत्र येऊन पडलं होतं. फिक्सबर्गची शाळा, घरापासून चालत दहा मिनिटं. कायमची नोकरी. सोमवारपर्यंत कळवा.

शनिवारी तिनं पाठीला पिशवी अडकवली आणि समुद्राकडची बस धरली. डोक्यात गुंता झाला की ती अशीच एकटी कुठंतरी जायची. या वेळी जुकब्यॉनच्या बंदराला गेली. धक्क्यावर दोऱ्यांना माकूळ मासे वाळत घातलेले, वारा असा की डोळ्यांत पाणी यावं. ती एका खाणावळीत शिरली.

"किती जण?" खाणावळवालीनं विचारलं.

"एकटीच."

"एकटीला माशाचं कालवण नाही होत. दोघांचं घ्यावं लागतं."

"मग दोघांचं द्या, मावशी."

मावशीनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "आमची बोली कुठं शिकलीस?"

"येंगजूच्या बाजारात."

"तरीच. मिरच्या विकणाऱ्या बायकांसारखी बोलतेस." पातेलं आलं तसं मावशीनं दुसरी वाटी घेतली आणि समोर बसकण मारली. "दुसरी मी. पैसे एकीचेच दे. लग्न झालं?"

"नाही."

"बरं केलंस. खा."

खाता खाता मावशीनं चमच्यानं खिडकीबाहेर दाखवलं. "ते कुलूप दिसतं? चित्रकलेचा वर्ग होता. मुलं संपली, मास्तरानं बंद केला. तेव्हापासून तो बघ, तिथं बसून असतो. बायकोनं हाक मारली की उठतो, नाहीतर नाही."

धक्क्याच्या टोकाला एक म्हातारा पाण्याकडे तोंड करून बसला होता. पुलानेला मागून त्याचे वाकलेले खांदेच दिसले. तिनं चमचा खाली ठेवला.

रविवारी दुपारी दीपगृहापाशी बसून तिनं आईला फोन लावला. तिकडे नुकतीच सकाळ झाली होती. तिनं सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "तुझ्यावाचून त्या बाईचं अडत असेल तर राहा. मला काय, चेरीची झाडं आहेत सोबतीला. एक वर्ष म्हणजे किती!"

"चिडली नाहीस ना?"

"कुणाला टाकून जायचं नाही, हे मीच शिकवलंय तुला. आता चिडू कुणावर?"

पुलानेनं शाळेला दोन ओळींत नकार कळवला. पत्र गेलं आणि छातीवरचा धोंडाच उतरला. परतीच्या बसमध्ये ती इतकी गाढ झोपली की येंगजूला चालकानं हलवून उठवलं. कितीतरी महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

सोमवारी मुलं यायच्या आधीच ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, करार काढा. मी अजून एक वर्ष राहतेय."

बाईंनी टेबलाची कड धरली. "आणि आई?"

"तिला विचारलंय."

"तिकडं एखादी नोकरी मिळाली असती..."

"मिळाली होती. नको म्हणून कळवलं."

बाई खुर्चीत बसल्या. त्यांचे डोळे भरून आले. पुलानेचा हात दोन्ही हातांत धरून त्या नुसत्याच थोपटत राहिल्या.

"बरं झालं," शेवटी त्या म्हणाल्या. "बरं झालं हो, पोरी."

मग त्यांनी कागद काढला, शाईत बुडवून शिक्का उमटवला. पुलानेनं सही केली.

आतल्या खोलीत वह्यांचे गठ्ठे लावताना ती चक्क गुणगुणत होती. एका माणसाला खिडकीशी बसून राहण्यापासून आपण वाचवलं, आणखी काय हवं? मधली भिंत फळ्यांची. पलीकडे बाई कुणाशी तरी फोनवर हलक्या आवाजात बोलत होत्या. पुलानेचं गुणगुणणं थांबलं.

"ताई, जागा घेणाऱ्याला नाही म्हणून सांग. हो, दोन वर्षं थांबलाय बिचारा, माहितीये मला. मीही दिवसच मोजत होते गं, ही फरशी पुसून गुडघे गेले माझे. पण हिचा व्हिसा माझ्या शिकवणीवर आहे आणि हिला इथंच राहायचंय, घरची नोकरीसुद्धा सोडली वेडीनं. आता मी कुलूप कुठल्या तोंडानं लावू?"