शाफ्रानचं पहिलं जेवण

उंदीर मेलेला आहे हे शाफ्रानला कळून चुकलं होतं.

शाफ्रान म्हणजे केशर. रंगावरून द्राहोमीराने ते नाव ठेवलं होतं. करंगळीएवढा जाड, केशरी पट्ट्यांचा, बिनविषारी साप. गेल्या शनिवारी तिने तो खोक्यात घालून ट्रामने घरी आणला आणि नवऱ्याला, ल्युबोरला, जाहीर केलं, की आता या घरात न रुसणारं एक तरी कुणी असेल. आठवडाभर त्याला हात लावायचा नाही, मग पहिलं जेवण, असं सापवाल्याने बजावलं होतं. ते जेवण आज होतं. फ्रीजरमध्ये आलुबुखारांशेजारी ठेवलेला उंदीर तिने कोमट पाण्यात घालून मऊ केला. त्यासाठी नेमका ल्युबोरचा बिअरचा मग घेतला, आणि त्यावरून सकाळीच दोघांची जुंपली होती.

आता पाव तास ती लांब चिमट्यात उंदीर धरून काचेच्या पेटीवर वाकली होती. तीस वर्षं दातांच्या दवाखान्यात काम केलेला हात तो, जराही हलत नव्हता. शाफ्रानने उंदराकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“आज खाल्लं नाही तर सोमवारी परत नेऊन देते,” ती म्हणाली. “उपाशी ठेवून मारायला नाही आणला मी.”

ल्युबोर खुर्चीतून बघत होता. उजवा हात खिशात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत याच हाताने त्याने ब्रनो शहरातल्या बाहुल्यांच्या रंगमंचावर राजे, राजकन्या आणि सैतान नाचवले होते. मग हाताला कंप सुटला. जिवाला धोका नाही, डॉक्टर म्हणाले. पण एका रविवारी सिंहासनावर बसलेला राजा लटलटायला लागला आणि पहिल्या रांगेतली पोरं ओरडली, की राजाला कुणीतरी स्वेटर द्या. ल्युबोरही त्यांच्याबरोबर हसला. दुसऱ्या दिवशी त्याने काम सोडलं. तेव्हापासून हात खिशात गेला तो गेलाच. सूप डाव्या हाताने प्यायचा. पाहुण्यांसमोर कॉफी नको म्हणायचा. हळूहळू पाहुणेही नकोसे झाले, मग बाजार, मग गच्चीवरच्या कुंड्या. द्राहोमीराला त्याची काळजी वाटायला लागली होती, पण तसं बोललं की तो खोलीत जाऊन दार लावून घेई.

तिने चिमटा जरा हलवला. उंदीर घड्याळाच्या लंबकासारखा या टोकापासून त्या टोकाला गेला. शाफ्रान मागे सरकला.

एवढं मात्र ल्युबोरला बघवेना. वाईट खेळ त्याने आयुष्यात कधी मुकाट्याने पाहिला नव्हता.

“अगं, तो उंदीर आहे का हातरुमाल?” तो म्हणाला. “उंदीर असा झुलतो कधी? उंदीर घाबरलेला असतो.”

“मग ये आणि घाबरवून दाखव.”

तो उठला. चिमटा त्याने डाव्या हातात घेतला. डावा हात शहाणा होता, सरळ होता, आणि त्याला कशातलं काही येत नव्हतं. आयुष्यभर त्या हाताने नुसतं वजन पेललं होतं. उंदीर मेला तो मेलाच राहिला. द्राहोमीराने सापाचं खोकं माळ्यावरून खाली काढलं आणि आतला वर्तमानपत्राचा कागद झटकला.

ल्युबोरने एक शिवी हासडली आणि चिमटा उजव्या हातात घेतला.

हात थरथरायला लागला. चिमट्याचं टोक थरथरलं, मग उंदीर थरथरला. आधी मिशा, मग कान, मग शेपटीचं अगदी टोक. त्याला हात मागे घ्यायचा होता. पण शाफ्रानची मान वर आली. जीभ एकदा बाहेर आली, पुन्हा आली. ल्युबोर जागचा हलला नाही. दोन वर्षांत त्याच्याकडे इतकं रोखून कुणी पाहिलं नव्हतं, म्हणजे निदान त्याने कुणाला पाहू दिलं नव्हतं. पुढच्या क्षणी चिमटा रिकामा झाला होता आणि शाफ्रान उंदराला विळखे घालून आपल्या कामाला लागला होता.

“घेतला,” ल्युबोर म्हणाला. मग त्याला हसू आलं, आणि हसताना त्याने त्याच हाताने डोळे पुसले.

दोघं पेटीसमोर बसून राहिले. साप सावकाश गिळत होता. ल्युबोर सांगत होता, की घाबरलेला उंदीर दाखवायचा तर आधी मिशा हलल्या पाहिजेत, हे तो रंगमंचावरच्या नव्या मुलांना घसा फोडून सांगत असे. द्राहोमीराने कॉफी आणली, त्याचाही कप पूर्ण भरून. त्याने तो उजव्या हाताने उचलला. थोडी बशीत सांडली, थोडी विजारीवर. तो बोलतच राहिला. ती चिमटा आणि बिअरचा मग धुवायला स्वयंपाकघरात गेली, आणि तिथे बराच वेळ नळ वाहत राहिला.

फोन वाजला. सापवाला विलेम होता. पहिलं जेवण कसं झालं, म्हणून त्याने चौकशी केली.

“खाल्लं की,” ल्युबोर रुबाबात म्हणाला. “पहिल्याच दिवशी.”

विलेमचा विश्वास बसेना.

“काय सांगता? आमच्याकडे त्याने पाच आठवडे कुणालाच दाद दिली नाही. मेलेला उंदीर त्याला अगदी बारीक थरथरताना दिसावा लागतो, आणि ते आमच्यापैकी एकाच्याही हाताला जमेना. मी बाईंना स्पष्ट सांगितलं होतं, दुसरा कुठलाही न्या, हा नको. तर म्हणाल्या, हाच द्या. आमच्या घरात त्या कामाचा माणूस आहे.”