उदाहरणातला माणूस

इंग्रजीच्या बाई चष्मा घरीच विसरल्या, म्हणून नवऱ्याला पाय ओढत त्यांच्या क्लासपर्यंत यावं लागलं. त्याची नोकरी सुटल्यापासून दोघांचं बोलणं नळ गळतोय आणि सिलिंडर संपला, एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. बाई शेजारच्या वर्गात गेल्या होत्या, आणि इथली मुलं त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती.

"काका, तुम्ही पूर्वी गायचात ना?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"बाईंची उदाहरणं सगळी घरचीच असतात. 'यूज्ड टू'ला त्यांनी 'हे पूर्वी गायचे' दिलं होतं. 'नीड नॉट'ला 'यांनी एवढी काळजी करायची गरज नाही'."

घरात यातलं अवाक्षरही कधी त्याच्या कानावर आलं नव्हतं. त्याने चष्मा टेबलावर ठेवला आणि उगाच फळ्याकडे बघत विचारलं, "मग आज काय शिकवलं?"

"'डेअर नॉट'." मुलीने फळ्यावरचं वाक्य वाचलं आणि त्याचा अर्थ सांगितला.

"पुन्हा गा, असं त्यांना म्हणायची माझी हिंमत होत नाही."