दहा अक्षरांची जागा

योहान मास्तरांनी बायकोच्या थडग्यासाठी १९२९ हे साल रोमन आकड्यांत कागदावर काढून दिलं. रावजी पाथरवटाने ते काळ्या दगडावर कोरलं आणि विचारलं, "मास्तर, खाली तुमच्या सालाला किती जागा ठेवू?"

"सहा अक्षरांची. १९३० ला तेवढीच लागतात."

"आणि त्याच्या फुडची सालं?"

"कमीजास्त होतात. अडतीसला दहा होतात. पण तिच्यामागे घरात बोलायला कोण आहे मला? सहाच ठेव."

मास्तर गेल्यावर रावजीने गुपचूप दहा अक्षरांची जागा आखली.

मास्तर दर रविवारी थडग्याशी येत आणि त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवत. भाट्ये गावाच्या वाटेवर रावजी दिसला की म्हणत, "फार जागा ठेवलीस रे. ये की एकदा घरी, चहाला."

"येतो, मास्तर," रावजी म्हणे.

१९३८ च्या माघात रावजीने त्या जागेत मास्तरांचं साल कोरलं. दहावं अक्षर बरोबर काठाला टेकलं. चहाला जायचं मात्र राहूनच गेलं.