खंडेनवमीचे बूट

चिपच्या कारखान्यात धूळमुक्त खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला आता बोलणाऱ्या बुटांचा जोड मिळतो. धुळीचा कण जाणवला की तो माणसाला दारातच अडवतो.

खंडेनवमीला सुमन घोलप यांनी आपल्या जोडाला हळदकुंकू वाहिलं. दारात जोड म्हणाला, “ताई, कुंकू शिवणीत गेलंय. आता मी भंगारात.”

“अरे, ॲसिडवर घसरले तेव्हा तूच सावरलंस. तुझी पूजा नको करू?”

“कधी कुणी केली नव्हती.”

सुपरवायझर देवधर नवा जोड घेऊन आले. ताईंनी पाय मागे घेतला.

“साहेब, मला पॅकिंगला टाका. तिथं धूळ चालते. आम्ही दोघं जातो.”

“अहो, पॅकिंगला बूट लागतच नाहीत. चपला चालतात.”

“हळू बोला,” ताई म्हणाल्या, “त्याला ऐकू येतं.”