वाखाणलेली चटई

ओनोटोआ बेटावर दोन महिने फुकट शिकवायला आलेली पोरसवदा गोरी मास्तरीण परत निघाली. निरोपाला आली तेव्हा तेरेसिया म्हातारी केतकीच्या चटईवर डुलकी काढून उठत होती. “आजी, काय सुरेख चटई आहे!” पोर बोलून गेली. शेजारी बसलेली म्हातारीची सून हातातलं काम सोडून पुढे सरकली. पाहुण्यानं वाखाणलेली वस्तू त्यालाच द्यायची, ही बेटाची रीत. आणि ही चटई म्हातारीच्या मेलेल्या लेकीनं विणलेली शेवटची. म्हातारीनं चटई गुंडाळून पोरीच्या काखेत कोंबली. “घे. नि तिच्यावर रडून नाक गाळू नकोस, भिजली की कुजते.” पोर हरखून होडीकडे पळाली. “सांगायचं तरी, आत्याबाई!” सून कळवळली. “सांगितलं असतं तर परत देऊन बसली असती. दिलेलं परत घ्यायला आपण काय भिकारी?” म्हातारीच्या दंडावर अजून चटईची वीण उमटलेली होती. ती वीण पुसून जाईपर्यंत म्हातारी दंडाकडे बघत राहिली.