डोळस सोबत

समोरून दिवे आले की बसच्या ड्रायव्हरला रस्ताच दिसेनासा व्हायचा. डॉक्टरांनी रात्रीची गाडी सोडायला सांगितलं होतं, पण हे वर कळलं तर नोकरीच जायची. त्यानं फक्त कंडक्टरला विश्वासात घेतलं. तेव्हापासून तीन वर्षं कंडक्टर त्याच्या शेजारी उभा राहायचा आणि झगझगाट झाला की हळूच सांगायचा, "रस्त्याची पांढरी पट्टी डावीकडेच आहे. तशीच धर. आता जरा उजवीकडे घे."

आज कंडक्टरची निवृत्तीआधीची शेवटची फेरी होती.

"दादा, उद्यापासून तुमच्या डोळ्यांशिवाय कसं निभावायचं?"

कंडक्टरनं खांद्यावरची तिकिटांची बॅग सरळ केली.

"दिवे आले की मलाही काही दिसत नाही रे. रस्ता पाठ आहे, म्हणून अंदाजानं बोलायचो. तुझा धीर सुटू नये, एवढंच."

ड्रायव्हरचा पाय ब्रेककडे गेला. पण मागे ट्रक चिकटून होता, डावीकडे दरी होती आणि आत चाळीस माणसं निवांत घोरत होती. वळणावरून दोन दिवे वर आले आणि काच पांढरीफटक झाली.

"बोला दादा," तो म्हणाला. "काहीही बोला."